ताटाचे पैसे

बसून घ्या सगळे. मागे खिडकीजवळ दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, तिथे पंख्याचं वारंही येतं. उभं राहून ऐकण्यासारखं मी काही बोलणार नाहीये.

तुम्ही इतके जण आलात. नागावहून आलात, थळहून आलात, काही जण सकाळची बोट पकडून मांडव्याला उतरलात आणि तिथून आलात. माणसांसमोर उभं राहून बोलायची माझी ही पहिली वेळ. घरातल्या माणसाबद्दल माइकवर कसं बोलायचं ते मला माहीत नाही. मध्ये थांबले तर तुम्हीही जरा थांबा. रडणार नाही. ते घरी होतं, रोज थोडं थोडं होतं. इथे त्याची गरज नाही.

मी शकुंतला. दिनकर पाटलांची बायको. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ते एकदा घेतलं. आता पुढे मी 'हे' म्हणेन, तुम्ही समजून घ्या.

मघापासून सहा जण बोलले. सगळे मनापासून बोललात. कोणी म्हणालं, रायगडच्या किनाऱ्याची चव ह्यांनी महाराष्ट्राला दाखवली. कोणी म्हणालं, निवट्यांसारखा चिखलातला मासा आणि जवळा ह्यांनी पेपरात नेला. ते खरं आहे. मग एक जण म्हणाले, दिनूभाऊंनी कधी पैशाकडे पाहिलं नाही. दुसरे म्हणाले, निःस्वार्थ सेवा. तिसरे म्हणाले, त्यांचं लेखन अमूल्य आहे.

मंडळी, त्यांच्या लेखनाला किंमत होती. शब्दाला सव्वा रुपया.

हसू आलं तर हसा. ते असते तर हसले असते.

आणि शेवटी देसाईसाहेब बोलले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, देसाईसाहेब रविवारच्या पुरवणीचे संपादक. ह्यांचं सदर त्यांनीच सुरू केलं, त्यांनीच बारा वर्षं चालवलं. साहेब म्हणाले, दिनकररावांच्या सगळ्या लेखांचं आपण पुस्तक करू. श्रद्धांजली म्हणून करू. कोणी मानधन घेणार नाही, मीही संपादनाचं घेणार नाही, आणि वहिनींची संमती आहेच असं धरून चालतो. शोकसभा म्हणून टाळ्या वाजल्या नाहीत, पण तुमच्या सगळ्यांच्या माना हलल्या. मी पाहिलं.

त्या संमतीचं मला बोलायचं आहे. उत्तर शेवटी देते. आत्ता नुसतं हो किंवा नाही म्हटलं तर तुम्हाला वाटेल, बाई भावनेच्या भरात बोलली.

ह्यांनी लिहायला सुरुवात कशी केली ते आधी सांगते. हे एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सुपरवायझर होते. रोज शेकडो माणसांचं जेवण. आमटी आधी ह्यांनी चाखायची, मग ती वाढायची. पुढे कॅन्टीनचं कंत्राट बदललं, नवीन लोक आपली माणसं घेऊन आले, ह्यांची नोकरी गेली. चाळिशी उलटलेली. घरात बसले. बसून काय करणार? मी मिठागरावरच्या माणसाची मुलगी, शाळा पाचवीपर्यंत. मी मसाला कांडून विकायचे, ते ओटीवर बसून मिरच्यांची देठं काढून द्यायचे आणि बोलत राहायचे. कॅन्टीनच्या गोष्टी. कोणत्या गावचा कामगार डब्यात काय आणायचा, कोणाच्या आईच्या हातची सुकट कशी. मी म्हटलं, "अहो, मला हे सगळं पाठ झालं. दुसऱ्या कोणाला तरी सांगा." तर त्यांनी ते लिहून काढलं.

माझं वाचन तिथून सुरू झालं. त्याआधी मी पेपर वाचायचे तो मसाला बांधता बांधता, जेवढा तुकडा हातात येईल तेवढा. ह्यांचा लेख मी पहिल्यांदा अख्खा वाचला. वेळ लागला. मग दुसरा वाचला. मग ह्याच वाचनालयातून पुस्तकं न्यायला लागले. आज ह्या कपाटांमधलं काय वाचलं नाही ते मोजणं सोपं आहे.

सुरुवातीला पुरवणीत वर्षभर पैसे नव्हते. नाव छापून यायचं. मग लेखाला दोनशे रुपये झाले, मग पाचशे. देसाईसाहेब, तुम्हाला आठवत असेल, ते वाढ मागायला तुमच्याकडे मुंबईला आले होते. घरातून निघताना मला म्हणाले, "कसं बोलू?" मी म्हटलं, "कॅन्टीनमध्ये कांदे महाग झाले की काय बोलायचात?" तेच बोलले म्हणे. तुम्ही शब्दाला सव्वा रुपया केलात. संध्याकाळी पेढे घेऊन आले. मग आम्ही हिशेब केला, तर त्या लेखापुरती झालेली वाढ बोटीच्या तिकिटात आणि पेढ्यांत गेली होती. पण पुढच्या लेखाला तिकीट नव्हतं. साहेब, त्या वाढीसाठी तुम्ही वरच्यांशी भांडलात, ते ह्यांना ठाऊक होतं. ते घरात तुमचं नाव चांगल्यानेच घ्यायचे. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं तुम्हाला टोचणार नाही.

शब्दामागे पैसे मिळायला लागले आणि आमच्या घरात नवीन भांडण सुरू झालं. मी लेख वाचायचे आणि म्हणायचे, "अहो, हे वरती एकदा आलंय." ते म्हणायचे, "असू दे. दुसऱ्यांदाचेही पैसे मिळतात." मी म्हणायचे, "रुचकर, चविष्ट, स्वादिष्ट, तिन्ही एकाच ओळीत?" ते म्हणायचे, "पावणेचार रुपये झाले की नाही?" मग मुकाट्याने दोन खोडायचे. माझ्या एका वाचनात आमच्या घरचे पन्नास-साठ रुपये जायचे. मी वाचायचं सोडलं नाही, त्यांनी दाखवायचं सोडलं नाही.

आठशे शब्दांचा लेख. हजार रुपये. त्यातून कर कापून यायचे, आणि यायचे ते लेख छापून आल्यावर तीन-तीन महिन्यांनी. पैसे मागायला त्यांना जड जायचं. म्हणून हिशेबखात्यात फोन मी करायचे. तिथला मुलगा माझा आवाज ओळखायचा. "वहिनी, साहेबांची सही राहिलीय." मी म्हणायचे, "बाळा, मग मी फोन ठेवत नाही, तू सही घेऊन ये." एकदा खरंच ठेवला नाही. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही ऑफिसात नोकरी करा, सगळ्यांची बिलं निघतील."

लोकांना वाटायचं, पेपरात फोटो येतो म्हणजे घरात पैसा येतो. आमच्या मुलीच्या लग्नात मांडववाल्याने मला सरळ विचारलं, "काकी, एका लेखाचे दहा हजार मिळतात ना?" आज सगळ्यांसमोर सांगते. लेखनावर आमचं घर चाललं नाही. अर्धं चाललं. उरलेलं अर्धं माझ्या मसाल्यावर आणि वाडीतल्या नारळांवर चाललं. हे मसाल्याच्या पाकिटावरचा मजकूर लिहायचे, हॉटेलांची मेनू कार्डं लिहून द्यायचे. एका वेबसाइटने काही महिने शब्दाला तीन रुपये दिले, तेव्हा आम्ही फ्रीज घेतला. मग ती वेबसाइट बंद पडली. फ्रीज चालू आहे.

म्हणून म्हणते, त्यांनी पैशाकडे पाहिलं नाही असं म्हणू नका. पाहिलं. पाहावंच लागलं. उद्या ह्या तालुक्यात कोणी नवीन लिहायला लागलं, आणि त्याने पैसे विचारले, तर त्याला सांगाल, "अरे, दिनूभाऊ बघ, फुकट लिहायचे." त्या लिहिणाऱ्यासाठी मी हे बोलते आहे. दिनूभाऊ फुकट लिहायचे नाहीत. फुकट खायचेही नाहीत.

आता ताटाचं सांगते.

त्यांचा नियम होता. ज्या ताटावर लिहायचं, त्या ताटाचे पैसे द्यायचे. म्हणायचे, "फुकट जेवलो की जिभेला लाज वाटते, मग ती खोटं बोलते." हॉटेलात, खानावळीत हे सोपं होतं. निदान सोपं असायला हवं होतं. नागावचे प्रकाशशेठ इथे बसलेत, ज्यांनी आजच्या खुर्च्या पाठवल्या. त्यांचं होमस्टे नवीन होतं तेव्हाची गोष्ट. हे तिथे जेवायला जाणार हे कळलं, तर शेठनी आदल्या दिवशी आमच्या घरी सुरमई पाठवली. ही एवढी. घरात त्या दिवशी नुसती डाळ होती. हे मासा बघून म्हणाले, "परत देऊन ये." मी म्हटलं, "तुम्ही जा." ते म्हणाले, "मी गेलो तर तो मला बसवून खायला घालेल." मग मी विक्रम रिक्षात मांडीवर सुरमई घेऊन नागावला गेले. शेठ म्हणाले, "वहिनी, मासा कोणी परत आणतं का?" मी म्हटलं, "ताजा आहे तोवर आणलाय. उद्या आणला असता तर तुम्हीही घेतला नसता."

आणि लेखात ह्यांनी काय लिहिलं? मासे उत्तम, सोलकढी पाकिटातली. शेठ एक अख्खा सीझन आमच्याशी बोलले नाहीत. मग आमसुलं आणून घरी सोलकढी करायला लागले आणि पहिला तांब्या आमच्याकडे पाठवला. तो ह्यांनी ठेवून घेतला. म्हणाले, आता लिहायचं नाहीये, आता पितो. शेठ, मान खाली घालू नका. तुमची सोलकढी आता चांगली असते.

पण खरी पंचाईत घरांमध्ये होती. ह्यांचं निम्मं लेखन हॉटेलातलं नव्हतंच. बायकांच्या चुलीपुढचं होतं. थळच्या, नागावच्या बायकांनी जेवायला वाढलं, कृती सांगितली, ते छापून आलं. आणि घरात जेवलेल्या ताटाचे पैसे कसे देणार? एकीला ह्यांनी नोट पुढे केली, तर तिने ताट उचललं आणि म्हणाली, "भाऊ, आमी काय खानावल उगडलीय?" आत निघून गेली. हे उपाशी नाही, पण तिचा अपमान करून परत आले. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कॅन्टीनचा माणूस.

दोन दिवस गेले. मग मला म्हणाले, "बायका कोणती गोष्ट परत करत नाहीत?" मी म्हटलं, "ओटी."

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. पिशवीत नारळ, खण, तांदूळ. जेवण झालं, कृती लिहून झाली, की मी घरधनिणीला पाटावर बसवायचे, कुंकू लावायचे आणि तिची ओटी भरायचे. खणाच्या घडीत नोट. एका ताटाची नाही, दोन ताटांची, कारण मीही जेवलेली असायचे. आता तुम्ही म्हणाल, पाहुणीने यजमानिणीची ओटी भरायची ही कुठली रीत? हे उलटंच. त्याही म्हणायच्या, "गो, वटी आमी भरायची तुजी!" मग मी सांगायचे, माझा देवीला नवस आहे, ज्या घरी जेवेन त्या घरी ओटी भरेन. हा नवस ह्यांनी तयार केला होता. नवस म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? किती वर्षं मी हा नवस फेडला. आज सांगते, नवस वगैरे काही नव्हता.

काय म्हणालात आत्या? मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही.

जानकीआत्या म्हणतायत, "आमाला पैल्या दिसापास्नं म्हाईत होतं." घ्या. इतकी वर्षं मला वाटत होतं मी सगळ्यांना फसवते आहे.

ह्या जानकीआत्या. थळच्या. निवट्यांचं कालवण आणि कोलंबीचं भुजणं आमच्या ह्यांना आत्यांनीच खायला घातलं. ते दोन लेख लोकांनी कापून ठेवलेत. आत्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नेहमीसारखी पिशवी घेऊन गेले होते. जेवलो. मग माझं लक्ष त्यांच्या कपाळाकडे गेलं. कुंकू नव्हतं. यजमान वारलेले. मी पिशवी पाटाखाली सरकवली. विधवेची ओटी भरत नाहीत, मला तेच शिकवलेलं. हे माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. पैसे द्यायचे कसे? आत्यांनी ते पाहिलं. म्हणाल्या, "काय लपवतंस गो? काढ तो नारल. नारलाला काय म्हाईत माजा नवरा हाय का नाय."

मी ओटी भरली. आत्यांनी खणाची घडी तिथेच उलगडली, नोट पाहिली, म्हणाल्या, "एवढं भुजणं खाल्लंव नाय तुमी," आणि मग एक वाटी भुजणं डब्यात घालून दिलं. म्हणजे हिशेब बरोबर.

हे आत्यांना म्हणाले होते, "आत्या, हे छापून येईल तेव्हा ताटाचे पैसे दिले. पुन्हा कुठे छापलं तर पुन्हा देईन." हा शब्द त्यांनी प्रत्येक घरी दिला. पाळलाही. पोपटीवरचा लेख, तो मडक्यातल्या वालाच्या शेंगांचा, एका दिवाळी अंकाने पुन्हा छापला. अंकाने पैसे द्यायला खळखळ केली. ह्यांनी तीन पत्रं लिहिली, मी फोन केले, पैसे निघाले. आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, मी पुन्हा ओटी भरली. ती बाई म्हणाली, "येवढ्या नवसाला पावनारी देवी कंची?"

आता माझ्या उत्तराकडे येते.

देसाईसाहेब, पुस्तक म्हणजे पुन्हा छापणं. सगळ्या लेखांचं पुन्हा छापणं. म्हणजे प्रत्येक चुलीपुढे दिलेला शब्द पुन्हा लागू झाला. हे आता नाहीत, शब्द आहे. तुम्ही संपादनाचं मानधन घेणार नाही म्हणालात, तो तुमचा मोठेपणा आहे, तुम्हाला पगार आहे. मी ह्यांच्या वतीने काही घेतलं नाही तर तोही माझा मोठेपणा ठरेल. पण ज्या बायकांनी वाढलं, त्यांचा मोठेपणा मी परस्पर कसा दान करू? त्या हो म्हणतील. विचारलं तर आत्ता ह्याच सभेत हो म्हणतील, कारण माणूस गेलाय. म्हणूनच त्यांना विचारायचं नाही.

तेव्हा माझी संमती आहे. फुकट नाही.

शब्दाला सव्वा रुपया. वाढ मागत नाही, वाढ मागायला मुंबईला जाणारा माणूस गेला. आणि घरच्या ताटांवरच्या प्रत्येक लेखामागे त्या घरच्या ताटाचे पैसे वेगळे. सगळे लेख घेणं परवडत नसेल तर निम्मे घ्या. निम्मे नसतील तर दहा घ्या. पातळ पुस्तकही पुस्तकच असतं, मी अशी पुष्कळ वाचली आहेत. आणि इथे ज्यांनी सांगितलं की आम्ही एकही लेख चुकवला नाही, त्यांनी आजच पुस्तकाचे पैसे देसाईसाहेबांकडे आगाऊ द्यावेत. छपाईला उपयोग होईल. प्रकाशशेठ होमस्टेसाठी वीस घेतील. घ्याल ना? घेणार म्हणतायत.

साहेब मान हलवतायत. ती हो म्हणून आहे की बघतो म्हणून, ते मी उद्या फोन करून विचारेन. माझा फोन कसा असतो ते तुमच्या ऑफिसात माहीत आहे.

एक अडचण मात्र माझ्याकडची आहे. तीही सांगते.

पुस्तक झालं, पैसे आले, की मला घरोघर जायचं आहे. पण आता माझ्या हातची ओटी चालायची नाही. कोणाच्या घरी सून गरोदर असेल, कोणाच्या घरी नवं लग्न असेल, मी नारळ घेऊन दारात उभी राहिले तर त्यांना अवघड होईल. ह्यांच्या जाण्याचं मला रोज काय काय उमगतं, त्यात हे एक. नोट द्यायची तर त्या घेणार नाहीत. ओटी भरायची तर मी भरू शकत नाही. आम्ही दोघांनी मिळून शोधलेली एकच वाट होती, आणि ती दोघं असल्याशिवाय चालत नाही. साहेब पुस्तकाचं बोलले तेव्हापासून मी ह्यावर विचार करते आहे आणि मला सुचलेलं नाही.

काय आत्या?

थांबा, थांबा. बसून बोला, गुडघे दुखतात तुमचे.

आत्या म्हणतायत, "पैली माज्याकरं ये. नारल तोच हाय." आणि म्हणतायत, "मी घेतला की बाकीच्या कशा घेत नाय ते मी बघतंय."

बरं. मग सुटला प्रश्न. पहिली तुमच्याकडे येते.

आता संपवते. सगळे मला विचारतात, त्यांनी शेवटचं काय खाल्लं. खाण्यावर लिहिणारा माणूस, म्हणून विचारता, मला कळतं. काही विशेष नव्हतं. तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी. भाजीत मीठ कमी होतं. तसं त्यांनी सांगितलं. मिठागरावरची मुलगी आणि मीठ कमी, म्हणाले. हात धुवायला उठले, भिंतीला हात टेकला, आणि मग काही बोलले नाहीत.

शोकसभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं असतं. मी तुम्हाला उभं करत नाही. ते बसून जेवायचे.

ज्यांनी त्यांच्याबरोबर कधी जेवण केलंय त्यांना माहीत आहे. पहिला घास तोंडात असेपर्यंत ते बोलायचे नाहीत. समोरच्यालाही बोलू द्यायचे नाहीत. कोणी विचारलं, कसं झालंय, तर हात वर करायचे, थांब. डोळे मिटून सावकाश चावायचे. करणारी बाई चुलीपाशी श्वास रोखून उभी असायची. घास गिळून झाला की ते डोळे उघडायचे, आणि कसं झालंय हे सांगायच्या आधी, त्यात काय घातलंय हे विचारायच्या आधी, एकच गोष्ट विचारायचे. "हे कोणी केलंय?" नाव ऐकल्यावर मग वही काढायचे.

आज आपण तेवढंच गप्प बसू. एका घासापुरतं. घड्याळ लावायचं नाही. मला अंदाज आहे, मी मान वर करेन तेव्हा समजा झालं.

आणि झाल्यावर आज विचारणारं कोणी नाही. तेव्हा ज्या बायकांनी ह्यांना कधी जेवायला वाढलं, त्यांनी कोणी विचारायची वाट न बघता आपापलं नाव सांगायचं. मोठ्याने सांगा, साहेबांना लिहून घ्यायचं आहे. जानकीआत्यांपासून सुरुवात.

चला. घास घेतला असं समजा. आता बोलायचं नाही.